ते हेंडी

जर्मनीत मोबाईल फोनला 'हेंडी' म्हणतात. लिहायचं इंग्रजी 'हँडी'सारखंच, पण जर्मन तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं हेंडी झालेलं असतं. मराठी कानाची यात फार कुचंबणा होते. ऑफिसातली बाई सोमवारी सकाळी रडवेल्या चेहऱ्यानं सांगते की काल जिन्यात माझं हेंडी फुटलं, आणि नुकतंच पुण्याहून आलेलं पोरगं मनातल्या मनात थर मोजायला लागतं. आपल्याकडे हंडी फुटली की गुलाल उडतो आणि आमदार बक्षीस देतात. इथे विम्याचा फॉर्म भरावा लागतो.

हा शब्द अस्सल इंग्रजी आहे, अशी जर्मन माणसाची पक्की समजूत असते. नातवंडांशी इंग्रजीत बोलल्याच्या समाधानात आजोबा 'हेंडी' म्हणतात. प्रत्यक्षात इंग्रजीत हँडी हे नाम नव्हेच, विशेषण आहे. हाताशी असलेलं, सोयीचं, वेळेला उपयोगी पडणारं ते हँडी. पान्हा हँडी असतो, छत्री हँडी असते, नळ दुरुस्त करता येणारा जावई तर फारच हँडी असतो. त्यामुळे लंडनच्या हॉटेलात जाऊन एखाद्या जर्मन प्रवाशानं "माझं हँडी हरवलंय" अशी तक्रार केली, तर काउंटरवरच्या माणसाला एवढंच कळतं की या गृहस्थांचं काहीतरी सोयीचं हरवलंय. अमेरिकेत या शब्दाला बोलीभाषेत आणखी एक अर्थ आहे. तो दिवाळी अंकात छापत नाहीत. तिथे हँडी मागू नये.

हे विशेषण जर्मनीत येऊन नाम कसं झालं, यावर इथले भाषापंडित बरीच वर्षं घासाघीस करताहेत. एक धागा दुसऱ्या महायुद्धापर्यंत जातो. मोटोरोला कंपनीनं अमेरिकन सैन्यासाठी हातात धरायचा एक वायरलेस बनवला होता, त्याचं नाव 'हँडी-टॉकी'. पाठीवर घ्यायचा तो वॉकी-टॉकी, हातात धरायचा तो हँडी-टॉकी. दुसरा धागा 1992 चा. त्या वर्षी जर्मनीत डी-1 आणि डी-2 ही डिजिटल मोबाईल जाळी सुरू झाली आणि त्याच सुमारास लोएवे कंपनीनं 'हँडीटेल 100' नावाचा फोन बाजारात आणला. त्याआधीचे फोन बहुतेक गाडीत बसवलेले किंवा सुटकेसइतके. हा हातात मावत होता. लोकांनी 'टेल 100' गाळलं आणि उरलेलं ठेवून घेतलं.

तिसरी व्युत्पत्ती श्टुटगार्टच्या बाजूची, आणि ती पंडित सोडून सगळ्यांना मान्य आहे. श्टुटगार्ट म्हणजे 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर. तिथले लोक श्वाबी बोली बोलतात आणि त्यांच्या कंजूषपणाचे किस्से देशभर सांगितले जातात. तर म्हणे एका श्वाबी माणसानं पहिल्यांदा मोबाईल पाहिला आणि आश्चर्यानं विचारलं, "हेंड डी कोय श्नूर?" म्हणजे "यांच्याकडे वायर नाही का?" यातलं 'हेंड डी' पुढे हेंडी झालं. वायरचे पैसे वाचले या आनंदात तो माणूस हे बोलला असणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

शब्द आला म्हणजे कामाला सुरुवात झाली. जर्मनांनी पहिल्यांदा त्याला मोठं अक्षर दिलं, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं. मग अनेकवचन. इंग्रजी नियमानं शेवटच्या 'वाय'चं 'आय-ई' करून पुढे 'एस' लावायला हवा. जर्मन नियम म्हणतो, 'वाय'ला हात लावायचा नाही, नुसता 'एस' चिकटवा. बेबी, पार्टी, हेंडी, सगळ्यांना एकच कायदा. इंग्रजीच्या मास्तरांनी लाल शाईनं गोल करावेत अशी ही अनेकवचनं डुडेन या प्रमाण कोशात बिनदिक्कत छापलेली असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिंग. इथे मराठी माणसाची छाती फुगते. इंग्रजाला शब्दांच्या लिंगाचं सोयरसुतक नाही, हिंदीवाले दोनात भागवतात, पण जर्मनांना आपल्यासारखीच तीन लागतात: डेर, डी, डास. तो, ती, ते. मार्क ट्वेननं 1880 साली जर्मन भाषेच्या भयानकपणावर एक लांबलचक लेख लिहिला आणि जर्मनमध्ये तरुण मुलीला लिंग नाही पण सलगमला आहे, म्हणून यथेच्छ टिंगल केली. ट्वेनसाहेब गोव्यात गेले असते तर त्यांनी लेख फाडून टाकला असता. जर्मनांचं जसं 'डास मेडशेन', तसं कोंकणीत 'तें चेडूं'. तिथली मुलगी नपुंसकलिंगात व्यवस्थित लहानाची मोठी होते, कोणाचं काही अडत नाही. आपली मराठी याहून एक पाऊल पुढे. पुरुषाच्या पुरुषपणाची जाहीर खूण म्हणजे दाढी आणि मिशी, आणि दोन्ही स्त्रीलिंगी.

तर मोबाईल आला तेव्हा दोन्ही भाषांपुढे एकच प्रश्न होता: हा तो, ती की ते? जर्मनांचं टेलिफोन आधीच नपुंसकलिंगी होतं, म्हणून त्याच घरातलं हे धाकटंही 'डास हेंडी'. आपला फोन पुल्लिंगी, म्हणून मोबाईलही तो. थोडक्यात, बाहेरून आलेल्याचं लिंग घरात आधी कोण होतं यावरून ठरतं. बस आपल्याकडे ती, जर्मनीत तो. ई-मेल बहुतेक जर्मनांची ती, कारण टपालही ती; पण ऑस्ट्रियात आणि दक्षिणेत तिचं ते होतं. आपल्याकडे तर एकाच ऑफिसात एकाला मेल 'आला' आणि दुसऱ्याला 'आली'. पाठवणारा एकच. नुटेला हा पोळीला फासायचा चॉकलेटी प्रकार तो, ती की ते, यावर जर्मन कुटुंबं न्याहारीच्या टेबलावर भांडतात. यात मला काहीच वावगं दिसत नाही. आपल्याकडे पेनावरून हेच चालतं: कोणाचं ते पेन, कोणाचा तो पेन, आणि मागून नेलेलं परत येत नाही हे तिन्ही लिंगांत सारखंच.

मात्र हेंडीवर जर्मन थांबले असते तर इंग्रजांनी सोडून दिलं असतं. ते थांबले नाहीत.

ऑफिसात मीटिंग सुरू व्हायच्या आधी कोणीतरी ओरडतं, "बीमर कुठाय?" क्रिकेटवर वाढलेला माणूस खुर्चीतच डोकं खाली घालतो. बीमर म्हणजे टप्पा न पडता थेट नाकावर येणारा चेंडू, पंचांनी नो-बॉल द्यायचा आणि गोलंदाजानं ओशाळून हात वर करायचा. जर्मनीत बीमर म्हणजे प्रोजेक्टर. छताला टांगलेला असतो. पुढच्या आठवड्यात सहकारी कळवतो की उद्या मी 'होमऑफिस'मध्ये आहे. इंग्लंडमध्ये होम ऑफिस म्हणजे गृहखातं, व्हिसा आणि पोलीस बघणारं. 2020 च्या साथीत लाखो जर्मन रोज सकाळी उठून पायजम्यावर ब्रिटिश गृहखात्यात कामाला जात होते, असंच लंडनच्या माणसाला वाटलं असेल. लग्नाच्या आमंत्रणात पुरुषांनी 'स्मोकिंग'मध्ये यावं असं लिहिलेलं असतं. तो काळा डिनर कोट, विडीकाडीशी संबंध नाही. आणि शेजारी अभिमानानं सांगतो, "माझ्याकडे दोन ओल्डटायमर आहेत. हिवाळ्यात झाकून ठेवतो, उन्हाळ्यात रविवारी बाहेर काढतो." इंग्रजीत ओल्डटायमर म्हणजे म्हातारा, जुना खोड. इथे म्हणजे जुनी मोटार. किमान तीस वर्षांची आणि मूळ रूपात जपलेली असली की तिला नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं आणि वर्षाला सरसकट 191.73 युरो कर बसतो. आपल्या वाड्यातल्या ओल्डटायमरांचा असा विचार कोणत्याच सरकारनं केला नाही.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'पब्लिक व्ह्यूइंग'. 2006 साली फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला. ज्यांना तिकिटं मिळाली नाहीत त्यांच्यासाठी गावोगावी चौकात मोठे पडदे लावले, बर्लिनला ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून पुढे अख्खा रस्ता माणसांनी भरला. या प्रकाराला जर्मनांनी झोकात इंग्रजी नाव वापरलं: पब्लिक व्ह्यूइंग. अमेरिकेत याचा एक रूढ अर्थ असा की दफनाआधी पार्थिव लोकांना पाहण्यासाठी ठेवणं. आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत, अंत्यदर्शन. म्हणजे "संध्याकाळी पब्लिक व्ह्यूइंगला ये, बिअर मी आणतो, तू तोंड रंगवून ये" असं आमंत्रण अमेरिकन पाहुण्याला जातं आणि तो पांढरी फुलं कुठे मिळतील याची चौकशी करतो. जर्मनांनी हे हसण्यावारी नेलं. मग 2018 च्या रशियातल्या स्पर्धेत जर्मनी पहिल्याच फेरीत बाद, 2022 च्या कतारमध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत बाद. चौकात जमलेले लोक टोप्या काढून घरी गेले. अमेरिकन अर्थ बरोबर होता.

इंग्रजीतल्या असभ्य शब्दांना तर इथे आल्यावर सोवळं नेसवतात. 'शिटस्टॉर्म' हा शब्द इंग्रजी बातमीदार तोंडावर हात ठेवून म्हणेल. जर्मनीत तो सोशल मीडियावर उठणाऱ्या शिव्यांच्या धुरळ्याचं सभ्य नाव आहे. 2013 पासून डुडेनमध्ये आहे. अंगेला मेर्केल यांनी 2013 मध्ये इंटरनेट हे आपल्या सगळ्यांसाठी नवा मुलूख आहे, असं विधान केलं आणि नेटकऱ्यांनी त्यांची रेवडी उडवली. डिसेंबर 2018 मध्ये न्युर्नबेर्गच्या एका सरकारी परिषदेत त्या आठवणीबद्दल बोलताना चॅन्सलरबाईंनी हाच शब्द व्यासपीठावरून शांतपणे उच्चारला. सभागृह हसलं. दचकले ते इंग्रजी पत्रकार.

या हसण्यात आपण फार सामील होऊ नये हे बरं. "आमचे मिस्टर हॉटेलात गेलेत, लाईट गेली म्हणून" हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, आणि इंग्रजाच्या दृष्टीनं यातला एकही इंग्रजी शब्द जागेवर नाही. क्लास लावायचे असतात, आणि पुरणपोळीही क्लास होते. मॅटर झाला म्हणजे हाणामारी झाली. क्रियापदांचा कारभारही दोन्हीकडे मनमानी. जर्मन माणूस कुठल्याही इंग्रजी शब्दाला शेपटीला 'एन' लावतो आणि भूतकाळ हवा असेल तर डोक्यावर 'गे' ठेवतो. गूगल केलं, गेगूगेल्ट. एसएमएस पाठवणं या क्रियेला त्यांनी 'सिमझेन' असं क्रियापद केलं होतं. डाउनलोडच्या बाबतीत तर त्यांनी 'गे' शब्दाच्या पोटात घुसवला: डाउनगेलोडेट. आपली पद्धत सोपी आणि जरा हिंसक. जे येईल ते मारायचं. ब्रेक मारायचा, हॉर्न मारायचा, मिसकॉल मारायचा, शायनिंग मारायची, राउंड मारायचा, चान्स मारायचा, आणि शेवटी बोअर मारायचं.

अर्थात हे सगळं पाहून ज्यांचं रक्त उसळतं अशी माणसंही दोन्हीकडे आहेत, आणि त्यांचा इतिहास विलक्षण समांतर जातो. तिकडे सतराव्या शतकात फिलिप फॉन त्सेझेन बसून परक्या शब्दांना पर्याय घडवत होते, इकडे त्याच शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंत फारसी शब्द हटवून राज्यव्यवहारकोश तयार करत होते. त्सेझेन यांचे 'पत्ता' आणि 'शुद्धलेखन' या अर्थांचे शब्द आज प्रत्येक जर्मन वापरतो. मठाला त्यांनी सुचवलेला 'कुमारिकांचा कोंडवाडा' मात्र कोणी घेतला नाही, विशेषतः मठांनी. एकोणिसाव्या शतकात पोस्टखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी शेकडो फ्रेंच शब्द खात्यातून हाकलले आणि टेलिफोनला नाव दिलं 'फेर्नश्प्रेशर', दुरून बोलणारा. सावरकरांनी आपल्याला दूरध्वनी दिला. दोन्ही शब्द नेटके, दोन्ही सरकारी कागदांवर इमानानं राबले. आणि घंटी वाजली की दोन्ही देशांतली आजी ओरडायची, "अरे, फोन!"

पुढे मोबाईल आला तेव्हा आपण भ्रमणध्वनी काढला. तो लग्नपत्रिकेवर आणि संस्थेच्या पावतीपुस्तकावर आढळतो. "माझा भ्रमणध्वनी जरा चार्जिंगला लाव गं" असं कोणी आजवर म्हटल्याचं ऐकिवात नाही. जर्मन सरकारी फॉर्मवरही 'हेंडी' नसतं, तिथे भारदस्त 'मोबिलफुंकनुमर' विचारलेला असतो. फॉर्म देणारी बाई मात्र तोंडी विचारते, "हेंडीनुमर?"

1997 साली डोर्टमुंडमध्ये जर्मन भाषेची एक संघटना निघाली. ती दरवर्षी 'भाषेत भेसळ करणारा' असा किताब जाहीर करते. 2013 साली तो किताब दिला खुद्द डुडेन कोशाला. म्हणजे आपल्याकडे शुद्धलेखनाच्या ठेकेदारांनी शब्दकोशालाच अंगठे धरून उभं करावं तसं. त्याआधी पेटर रामझाउअर नावाचे वाहतूकमंत्री होऊन गेले. त्यांनी आपल्या खात्यात इंग्रजीवर बंदी आणली; लॅपटॉपला 'क्लापरेशनर' म्हणायचं, घडीचा संगणक. रेल्वेनंही 2013 मध्ये बावीसशे इंग्रजी शब्दांची यादी कर्मचाऱ्यांना दिली, हे टाळा म्हणून. गाड्या वेळेवर आल्या असत्या तर लोकांनी त्यांना चिनीतही बोलू दिलं असतं.

गंमत म्हणजे इंग्रजीचा फटका बसतो तो इंग्रजी नीट वापरणाऱ्यांनाच. अत्तरं विकणाऱ्या डग्लस या दुकानसाखळीचं घोषवाक्य इंग्रजीत होतं, अर्थ साधारण असा की आत या आणि अनुभवून पाहा. 2003 मध्ये एका सर्वेक्षणात लोकांना त्याचा अर्थ विचारला, तेव्हा अनेकांनी तो असा लावला: आत या, आणि बाहेरचा रस्ता शोधा. दुकानं तशीही चक्रव्यूहासारखी असतात, त्यामुळे लोकांना ती प्रामाणिक सूचना वाटली असावी. डग्लसनं गुपचूप जर्मन घोषवाक्य घेतलं. म्हणजे खरी इंग्रजी इथे कळत नाही, आणि जी कळते ती इंग्रजांना कळत नाही.

इंग्रजांना एकदा हा कारभार दुरुस्त करायची चांगली संधी चालून आली होती. डी-2 चं जाळं मानेसमान कंपनीचं. ड्युसेलडॉर्फची, 1890 सालची, बिनजोडाच्या पोलादी नळ्या बनवणारी अस्सल जर्मन कंपनी. नळ्या करता करता मोबाईलमध्ये आली. 2000 साली तिला व्होडाफोननं विकत घेतलं. हो, तीच, आपल्याकडे कुत्र्याच्या जाहिरातीवाली; मूळची इंग्लंडची. तोवरचा जगातला सर्वांत मोठा सौदा. म्हणजे लक्षावधी हेंड्या एका दिवसात इंग्रजांच्या मालकीच्या झाल्या. आता तरी इंग्रज सांगतील की बाबांनो, याला मोबाईल म्हणतात. तसं काही झालं नाही. इंग्रज मालकाच्या जर्मन दुकानात पाट्या लागल्या त्या हेंडीच्याच. शिवाय जर्मन समासाच्या नियमानं शब्द लांबत गेला: हेंडीफेर्त्राग, म्हणजे मोबाईलचा करार. हेंडीफेर्त्रागसक्युंडिगुंग, म्हणजे तो रद्द करणं. शब्दाची लांबी त्या कामाला लागणाऱ्या वेळेइतकी होती. दोन वर्षांचा करार, मुदतीच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं, विसरलात की आणखी एक वर्ष. डिसेंबर 2021 मध्ये कायदा बदलला आणि पहिली मुदत संपली की महिन्याच्या सूचनेवर सुटका मिळू लागली. शब्द तेवढाच लांब राहिला.

2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त. त्यातली मराठी पोरं आणि त्यांच्याआधी येऊन स्थिरावलेली कुटुंबं एकत्र जमली की त्यांच्या मराठीत जे काही चालतं ते ऐकून राज्यव्यवहारकोशाची नवी आवृत्ती काढावीशी वाटते. "अनमेल्डुंग झालं का?" म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवला का. "डॉक्टरचा टर्मिन मिळाला?" "फांडच्या बाटल्या परत केल्यास? पंचवीस पंचवीस सेंट आहेत त्यावर." हेंडी तर घरातलंच झालंय; "बाबांचं हेंडी घेऊन ये" असं आई म्हणते आणि मूल ते नपुंसकलिंगातच आणतं.

आता वाद सुरू झालाय तो रेश्नुंगवरून. रेश्नुंग म्हणजे बिल. जर्मनमध्ये शेवटी 'उंग' असलेला शब्द स्त्रीलिंगी असतो, हा मॅक्सम्युलर भवनात पहिल्याच महिन्यात घोकून घेतलेला नियम. म्हणून भाषा शिकून आलेले पुणेकर ठामपणे 'ती रेश्नुंग' म्हणतात. ज्यांना भाषा इथे येऊन रस्त्यावर शिकावी लागली ते म्हणतात बिल ते, म्हणून 'ते रेश्नुंग'. दोन्ही पक्षांची बरीच वादावादी झाली. शेवटी एका कोल्हापूरकर वहिनींनी टपालपेटी उघडली, पाकिटं मोजली आणि नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "अहो, या महिन्यात चार रेश्नुंगा आल्यात."